दोन मास्तरांचं जंक्शन

आजोबा मस्कतला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "सुधीर, या देशात माणसं झोपतात तरी कशी? शिट्टी नाही, खडखडाट नाही, काही म्हणता काही नाही." सुधीर म्हणजे माझे बाबा. बाबा म्हणाले, "नाना, इथं रेल्वेच नाही." "अख्ख्या देशात?" "अख्ख्या देशात." आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीला कुठल्या रानात वाढवताय! त्यांचंही बरोबर होतं म्हणा. खानदेशातल्या एका लहानशा जंक्शनावर स्टेशनमास्तर म्हणून सगळी उमर काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर घरसुद्धा स्टेशनाच्या कुंपणाला लागून बांधलं, का तर पॅसेंजर वेळेवर आहे की लेट, ते अंथरुणातूनच कळावं. आजी गेली, मोठ्या घरात एकटे उरले, आणि बाबांनी "थोडे दिवस चला" म्हणत त्यांना विमानात घातलं. आजोबांनी सोबत काय आणलं? दोन सदरे, दोन धोतरं, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा, आणि एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेले लाल नि हिरवा असे दोन बावटे आणि पितळी शिट्टी. आई म्हणाली, "बरं झालं, स्वेटर विसरले. नाहीतर तोही निघाला असता इथं उकाड्यात."

आम्ही गाला भागात राहायचो, कारखाने नि गॅरेजांच्या मागच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते आणि वर्कशॉप इतकं जवळ, की पत्रा कापण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. खिडक्या बंद असल्या तरी धूळ आत. आई दिवसातून दोनदा पुसायची आणि दोनदा गालाचा उद्धार करायची. मी इंग्रजी शाळेतली, मित्रमैत्रिणींशी इंग्रजी, खाली दुकानात हिंदी, आणि मराठी फक्त आईशी भांडण्यापुरतं. आजोबा आले आणि माझ्या मराठीची धुलाई सुरू झाली. "मी पाणी पिली" म्हटलं की ते कानावर हात ठेवायचे. आज मी ही पानं मराठीत लिहिते आहे, त्याचं श्रेय शाळेला नाही, त्या कानांवरच्या हातांना आहे.

पहिले काही आठवडे आजोबा नुसते फिरत राहिले, सोफ्यावरून गॅलरीत नि गॅलरीतून सोफ्यावर. जेवणाला नावं ठेवायचे नाहीत, पण पानात अर्धं राहायचं. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं की ओमानात रेल्वे येणार आहे. माणूस एकदम ताठ बसला. "कधी येणार रे?" बाबा म्हणाले, "इन्शाल्ला." "म्हणजे कधी?" "नाना, इन्शाल्ला म्हणजे इन्शाल्ला." आजोबांनी पेपरची घडी केली. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "सुधीर, माझं परतीचं तिकीट काढ. गणपती करून जातो. सणाला घरातून उठून गेलो असं नको व्हायला." बाबांनी समजावलं, आईने डोळ्यांना पदर लावला, मी तर ताटावरून उठलेच. काही उपयोग झाला नाही. तिकीट निघालं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचं. गावाकडचं घर बंद होतं, तिथे आता त्यांच्या बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं, गुडघे दुखत होते, रात्री उठताना आधार लागत होता. आणि हा माणूस एकटा राहायला निघाला होता, का तर तिथे शिट्टी ऐकू येते. मला त्यांचा इतका राग यायचा की काय सांगू. आणि राग अशासाठी यायचा, की ते गेले तर मला करमणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं.

कारण तोवर सकाळचा एक नेम लागला होता. माझी स्कूलबस खाली यायची, मी चढायची, आणि बस सुटताना वर पाहिलं की गॅलरीत आजोबा उभे असायचे, उजव्या हातात हिरवा बावटा उघडून. त्यांच्या नोकरीत ही पद्धतच होती. स्टेशनातून गाडी जाताना मास्तराने उभं राहून ती शेवटच्या डब्यापर्यंत न्याहाळायची आणि सगळं ठीक असेल तर हिरवा दाखवायचा. एकदाच आमच्या बसचं मागचं दार नीट लागलं नव्हतं, तेव्हा आजोबांनी लाल दाखवला. आमचा केरळी ड्रायव्हर बसमधून उतरून वर बघत राहिला, मग दार बघितलं, मग आजोबांना हात जोडले. त्या दिवसापासून तोही निघताना एक हॉर्न द्यायचा. बसमधली मुलं मला चिडवायची, "युवर ग्रँडपा इज ट्रॅफिक पोलीस!" मी खवळून सांगायची, "स्टेशनमास्तर!"

हे सगळं आमच्या शेजारच्या गॅलरीतून एक गोरा म्हातारा पाहत असायचा. शेजारी आंके नावाची जर्मन बाई राहायची, एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. तिच्या घरात खुर्च्या कमी आणि दगड जास्त. आई म्हणायची, "एवढ्या लांबून ही बया दगड गोळा करायला आली, आमच्या परसात कमी होते का?" तिचे वडील हेल्मुट, बायको वारल्यावर मुलीकडे राहायला आलेले, उंच, पाठीत किंचित वाकलेले, आणि कुणाशी एक शब्द न बोलणारे. आम्हाला वाटायचं घमेंडी आहेत. एका सकाळी मी बसमधून वर पाहिलं तर एका गॅलरीत आजोबा आणि बावटा, आणि दुसऱ्या गॅलरीत हेल्मुट, डोक्यावर लालभडक टोपी आणि हातात हिरव्या काठाची पांढरी गोल थाळी असलेला दांडका, तोही तसाच आमच्या बसकडे वर धरलेला. ड्रायव्हरने त्या दिवसापासून दोन हॉर्न द्यायला सुरुवात केली, एक एका गॅलरीला, एक दुसऱ्या. संध्याकाळी घरी आले तर आमच्या सोफ्यावर दोघं शेजारी शेजारी बसलेले, मध्ये लाल टोपी, आणि आजोबा ती उलटीपालटी करून बघत होते. "रुजे," ते मला म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज खणखणीत होता, "अगं हाही मास्तर निघाला!"

हेल्मुटना इंग्रजी जेमतेम, आजोबांचं इंग्रजी म्हणजे सगळं रेल्वेचं. लाइन क्लिअर, शंटिंग, पॉइंट, सिग्नल. पण दोघांचं त्यावर झकास चालायचं. अडलं की हेल्मुट जर्मनमध्ये बोलायचे, आंके ते इंग्रजीत मला सांगायची आणि मी मोडक्यातोडक्या मराठीत आजोबांना. हेल्मुटचं स्टेशन म्हणजे लिंडेनफुर्ट, एका चिमुकल्या गावाचं फार जुनं जंक्शन. त्यांच्या खिशात त्याचा फोटो असायचा. दोन बाजूंनी दोन लाइनी येऊन जिथे मिळतात, त्या बेचक्यात ते लाल विटांचं स्टेशन उभं. बांधलं तेव्हा दोन्ही लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. म्हणून इमारत एक, पण मधोमध भिंत. दोन मास्तर, दोन तिकीटखिडक्या, दोन घड्याळं, आणि दोन्ही घड्याळांत वेळ वेगळी! हे दोन मास्तर एकमेकांशी बोलत नसत. काही कळवायचं झालं तर भिंतीपलीकडे तार करत. हे ऐकून आजोबा इतके हसले, इतके हसले, की आईला पाणी आणावं लागलं. "शेजारच्या खोलीत तार!" ते डोळे पुसत म्हणाले, "वा रे पठ्ठे! हे तर आमच्या भाऊबंदकीच्या वर गेलं." पुढे कंपन्या एक झाल्या, भिंत पाडली, पण फरशीवर तिची खूण राहिली. हेल्मुट त्या खुणेवर टेबल ठेवून बसायचे.

गणपतीची आरास काय करायची, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात निघालाच नाही. आजोबांनी फोटो भिंतीला चिकटवला आणि सांगितलं, "बाप्पा यंदा लिंडेनफुर्टला उतरणार." बाबांनी अर्बाबला, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाला, विचारून वर्कशॉपमधून एसीच्या पॅकिंगचा थर्माकोल आणि पत्र्याच्या पट्ट्या आणल्या. पट्ट्यांचे रूळ झाले. रुवीत खेळण्यांचं दुकान असलेले आमचे रत्नागिरीचे हनीफचाचा सेलवर चालणाऱ्या दोन गाड्या घेऊन आले. "घ्या मास्तर," ते म्हणाले, "दोन्ही चालवून बघितल्यात. यातलं एक इंजिन जरा लहरी आहे, त्याला प्रेमानं घ्या." बैठकीच्या खोलीतला सोफा आतल्या खोलीत गेला, मी माझ्या पलंगावर सोफा ओलांडून जाऊ लागले. आई रोज संध्याकाळी ओरडायची, "अहो, या घरात माणसांना पाय ठेवायला जागा ठेवा!" आणि ओरडून झालं की सगळ्यांसाठी चहा टाकायची. हेल्मुट विटा रंगवायचे, एकेक वीट, जीभ दातात धरून. आजोबांनी फलाटावर पिवळी पाटी लावली, काळ्या अक्षरांत 'लिंडेनफुर्ट जंक्शन', आणि खाली आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे 'समुद्रसपाटीपासून उंची : तिसरा मजला'. एक चहावाला आणि एक लाल डगलेवाला हमालही फलाटावर आला. हेल्मुटनी भुवया वर केल्या, पण चालवून घेतलं. पुढे खूप वर्षांनी मी ते खरं स्टेशन जाऊन पाहिलं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, अरे, इथला चहावाला कुठे गेला?

मग ज्या दिवशी गाड्या रुळांवर ठेवल्या त्या दिवशी महायुद्ध पेटलं. आजोबांनी गाडी डाव्या रुळावर ठेवली. हेल्मुटनी ती उचलून उजव्या रुळावर ठेवली. आजोबांनी परत डावीकडे. हेल्मुटनी परत उजवीकडे. "राँग लाइन!" आजोबा गरजले, "अ‍ॅक्सिडेंट करणार काय? गाडी डाव्या हातानेच जाते!" हेल्मुट मान हलवून फोटोवर बोट आपटत होते. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून जातात आणि त्यांच्याकडे उजवीकडून, एवढीच भानगड. पण दोघांनीही आयुष्यभर आपली बाजू सांभाळली म्हणून माणसं जिवंत राहिली होती, त्यामुळे माघार कोण घेणार? हेल्मुट टोपी घालून चालते झाले. दोन गॅलऱ्यांमध्ये दोन दिवस एकमेकांकडे पाठी. गणपती तोंडावर आला आणि स्टेशन तसंच बिनगाड्यांचं. आजोबा जेवताना पुटपुटले, "तरी बरं, मी निघालोच आहे." भांडण मिटलं नाही तर यांना इथे अडकवून ठेवणारं काहीसुद्धा उरणार नव्हतं.

तोडगा आईने काढला, तोही पोळ्या लाटता लाटता. "त्या कंपन्यांची भिंत होती ना मध्ये? मग घाला की परत. इकडून नानांची गाडी डावीकडून जाऊ दे, तिकडून हेल्मुटकाकांची उजवीकडून. बाप्पा बसतील मधोमध. त्यांना दोन्हीकडचं दिसतं." मी धावत शेजारी गेले. आंकेने वडिलांना सांगितलं. त्यांनी उठून थर्माकोलची एक लांब पट्टी कापली, तिला विटांचा रंग दिला आणि आमच्या दारात येऊन दोन्ही हातांनी आजोबांपुढे धरली. दोन घड्याळंही लागली, एकात गावाकडची वेळ, एकात लिंडेनफुर्टची. आई म्हणाली, "आणि आमची मस्कतची?" आजोबा म्हणाले, "ती बाप्पाची. त्यांना घड्याळ लागत नाही."

त्या संध्याकाळी समेटाचं जेवण झालं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. हेल्मुटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिसऱ्यांदा भरीत वाढून घेत होते. बोलता बोलता आजोबांनी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली. एकदा ऐन दिवाळीत त्यांना सुट्टी मिळाली होती, पण चार्ज घ्यायला येणारा मास्तर, म्हणजे रिलीव्हर, पुरात कुठेतरी अडकला. रिलीव्हर येऊन चार्ज घेत नाही तोवर मास्तराने स्टेशन सोडायचं नाही, हा नियम. आजीने अभ्यंगाचं तेल आणि फराळ स्टेशनावर पाठवला आणि आजोबांनी फलाटावरच्या नळाखाली दिवाळीची आंघोळ केली. "दिवाळी गेली, पण चार्ज टाकून घरी गेलो नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, एका मास्तराने दुसऱ्याला विचारावं तसं, "तुम्ही कुणाला दिला चार्ज?" मी आंकेला सांगितलं, आंकेने वडिलांना. हेल्मुटनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्यांच्या शेवटच्या दिवशी कुणी आलंच नव्हतं. सिग्नल दूरच्या शहरातल्या संगणकावर गेले होते. दुपारी एक मुलगा येऊन दाराचं कुलूप बदलून गेला. हेल्मुट टोपी घालून फलाटावर संध्याकाळपर्यंत उभे राहिले, आणि मग तशीच टोपी घालून घरी गेले. आजोबांनी भाताचं पातेलं ओढलं आणि स्वतःच्या हाताने हेल्मुटना भात वाढला. आजोबांनी कुणाला वाढलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गणपती पाच दिवस थाटात झाले. वर्कशॉपमधली माणसं आली, हनीफचाचा मुलांना घेऊन आले, खुद्द अर्बाब येऊन लहरी इंजिनाला बोटाने ढकलून गेले. जो येईल त्याला आजोबा दोन कंपन्यांची आणि तारेची गोष्ट सांगत होते. मी मात्र आरत्या मोजत होते. एक आरती संपली की एक कमी झाली.

विसर्जन गॅलरीत, मोठ्या टबात. आवाज फार करायचा नाही म्हणून आम्ही हळूच 'मोरया' म्हटलं. आजोबांनी पांढरा सदरा घातला होता, हेल्मुटनी लाल टोपी. बाबांनी मूर्ती उचलली तशी आजोबांनी शिट्टी फुंकली आणि हिरवा दाखवला. हेल्मुटनी थाळी वर केली. बाप्पा पाण्यात गेले. आंके माझ्याकडे वळून म्हणाली, शेवटी तुम्ही सगळे काय म्हणालात? मी म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या. आणि एवढं सांगताना मला हुंदका फुटला, कारण आतल्या खोलीत सोफ्याशेजारी आजोबांची बॅग भरून, पट्टा आवळून तयार होती.

मग आजोबा आत येऊन स्टेशनासमोर ताठ उभे राहिले. दोन्ही बावटे गुंडाळले, त्यावर शिट्टी ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "मास्तर, उद्या निघतो. चार्ज घ्या." आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले नाहीत. हेल्मुटना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी बावट्यांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मागे नेऊन पाठीशी घट्ट बांधले. आंके दचकून म्हणाली, "पापा?" ते तिला काहीतरी बोलले, हळू, सगळं एका दमात. तिने मला सांगितलं. मी आजोबांना सांगितलं, आणि त्या वेळी माझं मराठी एकदाही अडखळलं नाही. "आजोबा, ते चार्ज घेणार नाही म्हणतात."

"का?"

"म्हणतात, त्यांचाच चार्ज अजून कुणी घेतलेला नाही. ते अजून त्यांच्या स्टेशनाच्या ड्यूटीवर आहेत. आणि एका ड्यूटीवरच्या माणसाने दुसऱ्या स्टेशनाचा चार्ज घ्यायचा नसतो. तुम्हाला रिलीव्हर येईपर्यंत थांबावं लागेल म्हणतात."

कपाळाला आठ्या घालून आजोबा विचार करू लागले, आणि मला कळलं की हा माणूस खरोखर नियम आठवतोय, त्यातून पळवाट शोधतोय, आणि त्याला ती सापडत नाहीये. "नियम बरोबर आहे," ते शेवटी कुरकुरले. मग एकदम तडकून म्हणाले, "मग विचार त्याला, रिलीव्हर येणार कधी?"

हेल्मुटनी खांदे उडवले आणि मस्कतला येऊन शिकलेला एकुलता एक शब्द उच्चारला, "इन्शाल्ला."

आधी बाबा हसले, मग आंके, मग आई हसता हसता रडायला लागली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी बावटे परत टॉवेलात गुंडाळले, स्टेशनाच्या डाव्या बाजूला नीट ठेवले आणि म्हणाले, "सुधीर, तिकिटाचं बघ. चार्ज टाकून जाता येत नाही." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "सूनबाई, वांगी उरलीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये चढले, पण वर बघायचा धीर होईना. कोण जाणे, रात्रीतून मन बदललं असलं तर? ड्रायव्हरने बस सुरू केली आणि निघता निघता थांबून वर पाहत राहिला. मग त्याने एक हॉर्न दिला. आणि लगेच दुसरा.